दोन माणसांची मोटर

सोनपेठेत त्या वर्षी ज्याच्या तोंडात जीभ होती, त्यानं ईश्वरअप्पांच्या मोटरीत काही ना काही सुधारणा सुचवली. अप्पांचं आजही म्हणणं असं, की गावानं हाताची घडी घालून नुसतं बघितलं असतं तर ती मोटर वैशाखातल्या आखितीच्या सकाळी राणीसावरगावला जाऊन दुपारच्या पुरणाला परतही आली असती. पण हाताची घडी घालून बघणं सोनपेठेच्या स्वभावात नाही. रस्त्यानं वरात जावो की तिरडी, चार जण पुढं होऊन 'जरा डाव्या अंगानं घ्या' म्हणतातच.

मुळात मोटर घ्यायची वेळ आणली ती व्याह्यांनी. ईश्वरअप्पांचं पेठेत कापडाचं दुकान. माणूस कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांसारखा सरळ. एकुलती लेक महानंदा मागच्या वैशाखात राणीसावरगावच्या शिवरुद्रअप्पांच्या घरात दिली. घर भरलेलं, जावई गुणी, सासू शिवम्मा मायाळू. एकच खोट होती. शिवरुद्रअप्पा सुनेला माहेरी धाडायचं नाव काढत नव्हते. पंचमीला तिला आणायला मुराळी म्हणून भाचा गेला आणि तसाच रिकामा परत आला. झोके बांधले गेले, झोके सुटले. आई मल्लम्मांनी लेकीसाठी काढून ठेवलेलं हिरवं लुगडं पुन्हा घडी करून पेटीत ठेवलं आणि त्या घडीवर थोडा वेळ तशाच हात ठेवून बसल्या. ते अप्पांनी दारातून पाहिलं, आणि दसऱ्याच्या आधी ते स्वतः व्याह्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

शिवरुद्रअप्पांनी सुपारी कातरत हिशोब मांडला. "दोन दिस जायला, दोन दिस यायला, अन् मधी चार दिस माहेराला. आठ दिस आमच्या घरची भाकर कोन भाजावी? सकाळी न्या, दिवेलागणीला आणून सोडा. एका दिसात होत आसंल तर बारा महिने न्या की, मी कुटं न्हाई म्हनलो?"

सोळा कोसांचा रस्ता बैलांनी एका दिवसात जाऊन येऊन करावा, असं बोलणं तोंड उघडून कोणी बोलतं, आणि वर सुपारी पुढं करतं, याचा अप्पांना इतका संताप आला की ते सुपारी घेऊन उठले. परत येताना सगळा रस्ता ती सुपारी मुठीतच होती. सोनपेठेची वेस दिसली तेव्हा त्यांनी ती फेकली आणि बैलांची दमणी हाकणाऱ्या गड्याला सांगितलं, की उद्या परभणीला जायचंय. तिथं एका जहागीरदाराच्या घरच्या सामानाची हर्रास होती.

हर्राशीत झुंबरं होती, पलंग होते, आणि अंगणाच्या कोपऱ्यात, कोंबड्यांच्या विष्ठेनं सजलेली, ती होती. जहागीरदाराच्या धाकट्या साहेबजाद्यानं तरुणपणी शर्यतीसाठी विलायतेहून आणवलेली मोटर. रंग कधीकाळी लाल. आता पावसाळ्यातल्या मिरचीसारखा, कुठं लाल, कुठं काळपट. अंगानं बुटकी, की कुत्र्यानं सहज वरून उडी मारावी. नाक मात्र एवढं लांब की ते वळणावरून गेल्यावर आत बसलेला माणूस सावकाश मागून यायचा. आणि बसायच्या जागा दोन. फक्त दोन.

दुसऱ्या कोणाला ही खोट वाटली असती. अप्पांना तीच गोष्ट भावली. एका जागेवर बाप, दुसरीवर लेक. व्याही पाठराखीण म्हणून नणंदेला बरोबर देतो म्हणाले, तरी तिला बसवणार कुठं? अशी सोयीची मोटर साऱ्या मुलखात नव्हती. ती चालू होत नाही, एवढी एक बारीक गोष्ट होती.

तिला दोन बैल जुंपून सोनपेठेत आणलं. चार दिवस गावातल्या पोरांना दुसरा उद्योग नव्हता आणि म्हाताऱ्यांनाही नव्हता. पाचव्या दिवशी जिनिंगचे चाँद मिस्त्री आले. कापसाची सरकी काढायच्या इंजिनावर त्यांची उभी हयात गेलेली. त्यांनी मोटरीचं नाक उघडलं, कान लावला, हात घातला, आणि तेलात बुडालेलं एक दात्यांचं चाक बाहेर काढून उन्हात धरलं. छत्तीस दात्यांपैकी तीन पडले होते. "अप्पा," मिस्त्री म्हणाले, "इंजन शरीफ है. दाँत टूटे हैं बिचारी के." एवढंच होतं तर. अप्पांना वाटलं, दिवाळीला लेक घरी.

आधी कागद व्हायला हवा होता. मोटर आपल्या नावावर करायची, तर अर्ज उर्दूत हवा, आणि उर्दू अर्ज लिहिणारे बन्सीधरराव कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसत. बन्सीधररावांकडं विक्रीच्या पावतीचा छापील नमुना एकाच प्रकारचा होता, बैलबाजाराचा. ते म्हणाले, नमुना सोडून लिहिलं तर कागद वरून परत येतो. नमुन्यात लिहिलं तर कोणी वाचतही नाही. तेव्हा फसली सन तेराशे अठ्ठेचाळीसच्या त्या पावतीवर सरकारदरबारी नोंद झाली ती अशी: रंग तांबडा. वय नऊ. दात छत्तीस, पैकी तीन पडलेले. शेपूट नाही. खोड: हाक मारल्याशिवाय चालत नाही. अप्पांनी हरकत घेतली की ही मोटर आहे, जनावर नव्हे. बन्सीधरराव चष्म्यावरून त्यांच्याकडं बघून म्हणाले, "अप्पासाहेब, आत्ता तरी ती बैलांनीच आलीय ना?" पेठेतल्या प्रतिष्ठित माणसाला लिंबाखाली चार जणांत असं ऐकून घ्यावं लागलं.

दात्यांचं चाक मुंबईहून मागवलं. दिवाळी आली तेव्हा मोटर अंगणातल्या पिंपळाखाली खोलून ठेवलेली होती आणि तिच्या पोटातले भाग गोणपाटावर ओळीनं मांडलेले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मल्लम्मांनी त्यांच्यासमोरही एक पणती ठेवली. चाक पौषात गंगाखेडच्या स्टेशनावर उतरलं आणि जकात नाक्यावर थांबलं. सरकारच्या हद्दीत बाहेरचा माल आला की करोडगिरी भरायची, हे कापडवाल्याला काय नवं? पण कापडाला कापडाचं कलम होतं. चाकाला कलम नव्हतं. मुन्शी मोठे अदबशीर. त्यांनी पान पुढं केलं, चाक हातावर तोललं, टिचकी मारून नाद ऐकला, आणि रजिस्टरात लिहिलं: पितळी भांडी, नग एक.

अप्पांनी विचारलं, की यात शिजवायचं काय.

"पकाना क्या है वो आप के घर का मामला है," मुन्शी अतिशय नम्रपणे म्हणाले. "हम तो धात देखते हैं."

एकटं भांडं इतक्या लांबून का मागवलं, याचा खुलासा वरून विचारला गेला, खुलासा दिला गेला, तो मंजूर होऊन आला, तेव्हा संक्रांतीचे तीळ कधीच सांडून गेले होते. त्या महिन्यात पहाटे जात्यावर मल्लम्मा दळायला बसल्या की घरघरीतून त्यांचा आवाज अंगणात यायचा. पिंपळाखाली तोंड धूत उभे असलेले अप्पा तो ऐकायचे आणि चूळ भरायचं विसरायचे.

*मोटर खोलली दारी, तिची चाकं झाडाखाली*
*सण आला, सण गेला, माझी मैना न्हाई आली*

माघात चाक बसलं. चाँद मिस्त्रींनी हँडल मारलं, आणि नऊ वर्षांची ती तांबडी जी ओरडली, त्यानं पेठेतली सगळी कबुतरं एकदम उडाली. मिस्त्रींनी अप्पांना शेजारी बसवून मळ्याच्या रस्त्यानं एक फेरी मारली. ती फेरी अप्पा जन्मात विसरायचे नाहीत. झाडं मागं पळत होती, वारा कानात बोलत होता, आणि अर्धा कोस सरला तेव्हा डोक्यावरचा रुमाल कुठं गेला ते कळलंसुद्धा नव्हतं. "दो घंटे में राणीसावरगाव," मिस्त्री म्हणाले. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळं, असं ते सांगतात.

इथंच थांबायला हवं होतं. पण गाव जागं झालं.

पहिली हरकत घरातून आली. मोटरीच्या बैठकीला चामडं होतं. मल्लम्मा ते बोटानं दाबून बघत म्हणाल्या, की हे कातडं कशाचं? मिस्त्री म्हणाले, विलायती असेल. मल्लम्मा म्हणाल्या, "विलायतंत म्हशी हायत का?" मिस्त्री म्हणाले, नसाव्यात. गाईच्या कातड्यावर लिंगवंताची लेक, तीही सणाच्या दिवशी, बसणार नाही, हे ठरलं. बैठक उपटून काढली. तिच्या जागी दुकानातल्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची, जिनिंगच्या ताज्या कापसाची गादी आली. पिंजाऱ्यानं मायेनं कापूस भरला. अप्पा तिच्यावर बसले तर त्यांचं डोकं पुढच्या काचेच्या वर हातभर गेलं. काचेचं काम आता फक्त त्यांच्या छातीला वारा न लागू देणं एवढंच उरलं.

मग शेजारच्या दगडाबाई आल्या. त्यांनी मोटरीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, की याला टप कुठंय? भरल्या घरची सून गावोगावच्या चावडीवरून उघड्या डोक्यानं नेणार काय, उन्हातून, धुळीतून, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं अशी? त्या हे अप्पांना म्हणाल्या नाहीत. मल्लम्मांना म्हणाल्या, आणि ते जास्त वाईट. आठ दिवसांत सुतारानं बांबूच्या कमच्या वाकवून, दमणीवर असतो तसा गोल टप मोटरीवर बसवला, वर ताडपत्री, आणि दोन्ही अंगांना हिरव्या फुलाफुलांच्या छिटाचे पडदे. चाँद मिस्त्री जिनिंगवरून घरी जाताना थबकले. बराच वेळ बघून म्हणाले, "अप्पा, तुम मोटर लाए थे. मैं तो दमनी देख रऊँ." आणि पुढं तीन दिवस मोटरीकडं फिरकले नाहीत.

पण खरा घात केला सटवाजीनं. सटवाजी समोरचा शेतकरी, बैलांतला जाणकार. कोणाच्या बैलाचं पोट दुखलं तर मालकाच्या आधी त्याला कळतं. मोटरीचं लांब नाक पुढून जाळीजाळीचं होतं, आणि त्या जाळीतून आत वारा जाई. सटवाजीला ते बघवेना. तो म्हणाला, आखितीला रस्त्यावर गुडघाभर फुफाटा. ही नाकानं सगळा फुफाटा ओढणार आणि छाती भरून बसणार. "मळनीला बैलाला मुसकं घालतो का न्हाई आपन?" त्यानं स्वतः बसून, एक पैसा न घेता, काथ्याचं मुसकं विणलं, आतून गोणपाटाचं अस्तर दिलं आणि मोटरीच्या नाकाला घट्ट बांधून दिलं. काम इतकं देखणं होतं की अप्पांना ते नको म्हणवेना. मिस्त्री त्या दिवशी गावात असते तर त्यांनी ते कापून फेकलं असतं. पण ते टपाच्या रागानं सोनपेठ सोडून, साडूच्या घरच्या लग्नाला म्हणून, परतूरला गेले होते.

अशी मोटर आखितीच्या पहाटे निघाली. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला. अप्पांनी लिंगपूजा उरकून गादीवर चढून बसकण मारली. शेजारच्या जागेवर धपाट्यांची शिदोरी आणि पाण्यानं भरलेली तांब्याची घागर. येताना तिथं महानंदा बसणार. हिरवं लुगडं पेटीतून काढून मल्लम्मांनी दोरीवर, सगळ्यांना दिसेल असं, वाळत घातल्यासारखं टाकलं होतं.

गावाबाहेर आल्यावर अप्पांनी मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणं पाय दाबला. मोटर ओरडली, पण पळेना. टपात वारा भरला आणि तो तिला मागं, सोनपेठेकडं ओढू लागला. शिवाय बैलगाड्यांची चाकोरी रुंद आणि मोटर अरुंद. एक चाक चाकोरीत, दुसरं बांधावर, अशी ती डावीकडं कलून, पडद्याची झालर मातीवरून ओढत चालली. गंगाखेडच्या अलीकडं पुढं एक दमणी दिसली. तिला मागं टाकायला अप्पांना अर्धा कोस लागला, आणि तो अर्धा कोस दोघं शेजारीशेजारी चालले. दमणीवाला बोलका होता. त्यानं अप्पांचं गाव विचारलं, दुकान विचारलं, लेकी किती ते विचारलं, एकच हाय म्हणल्यावर हळहळला, आणि शेवटी मागं पडताना ओरडून म्हणाला, की बैल थकल्याले दिसतेत, जरा सावलीला सोडा.

बैल नव्हे, पण नाक तापलं होतं. मुसक्यातून वारा आत जात नव्हता आणि पाण्याच्या टाकीतून वाफ येत होती. गंगाखेड ओलांडल्यावर पहिल्यांदा थांबले तेव्हा पाव घागर गेली. पुढच्या वडाखाली अर्धी. तिसऱ्या ठिकाणी ना वड ना विहीर. सूर्य माथ्यावर, दोन्हीकडं वेचून उलंगलेल्या कापसाची रानं. अप्पांनी घागर हातात धरली. आत होतं ते एका माणसाचं पिण्याचं पाणी. त्यांनी मोटरीकडं बघितलं, मग घागरीकडं. सात महिने जिच्यापायी लिंबाखाली, नाक्यावर, पिंपळाखाली अपमान गिळले, ती आता त्यांच्या तोंडचं पाणीही मागत होती. त्यांनी ते तिला पाजलं. मनातल्या मनात तिला जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

मग ओढ्याची वाळू आली. चाकं बुडाली. सणाची जत्रा करून परत चाललेले सहा जण होते, त्यांनी मोटर खांद्यानं उचलल्यासारखी पलीकडं नेऊन ठेवली. अप्पांनी पैसे पुढं केले. सणाच्या दिवशी वाटसराकडून पैसे घेतील ती माणसं वेगळी, असं ते म्हणाले. मात्र शिदोरीच्या फडक्याकडं बघून त्यांच्यातल्या थोरल्यानं सहज विचारलं, की धपाट्याचा वास येतोय का? मागणाऱ्याला नाही म्हणणं अप्पांच्या घराण्यात नव्हतं. सहा जण होते, धपाटी बारा होती. त्यांनी निघताना घरच्या मालकिणीच्या हाताची फार तारीफ केली.

राणीसावरगावच्या अलीकडची चढण मोटर कशीबशी, मणक्यामणक्यानं कण्हत चढली, आणि माथ्यावर तिनं एक मोठा सुस्कारा सोडून प्राण सोडला. पुढं उतार होता, थेट वेशीपर्यंत. ईश्वरअप्पांनी फाटका पडदा सारखा केला, विभूती धुळीनं झाकली गेली होती ती धूळ झटकून नीट दिसेल असं केलं, ताठ बसले, आणि मोटर आपल्या वजनानं उतारावर सोडून दिली. गावात असा प्रवेश कोणी केला नसेल. ना आवाज, ना धूर. लाल, टपाची, मुसकं बांधलेली मोटर झुळकीसारखी आली आणि बरोबर शिवरुद्रअप्पांच्या दारात येऊन उभी राहिली. लोक म्हणाले, भारी मोटरीचं असंच असतं, आवाजच नाही.

तिसरा प्रहर झाला होता.

शिवरुद्रअप्पा ओट्यावर उभे होते, आणि त्यांचा चेहरा आधीच वाकडा होता. सुनेचा बाप सकाळी येणार असा निरोप होता, त्याची रवानगी करावी आणि मग निवांत जेवावं, म्हणून घरानं पंगत थांबवलेली. पुरणपोळ्या निवून कडक झाल्या होत्या. घरात कोणी जेवलं नव्हतं.

"शरणार्थ, अप्पा," शिवरुद्रअप्पा म्हणाले. "सकाळी येनार व्हता न्हवं?"

"मोटर सकाळीच निघाली," ईश्वरअप्पा म्हणाले.

"मंग आता दिवेलागणीला माघारी कसं आनून सोडता? एका दिसाची बोली व्हती."

दाराआड कांकणं वाजली आणि थांबली. ईश्वरअप्पांना ती ओळखू आली. त्यांनी हँडल मारून बघितलं. पुन्हा मारलं. गावातल्या चार जणांनी पुढं होऊन सुचवलं की डाव्या अंगानं मारा. मोटर हूं की चूं करेना.

"बोली मान्य," ईश्वरअप्पा म्हणाले. "मोटर चालली की निघतो. तवर इथंच बसतो."

"किती येळ?"

"ते हिलाच ठावं."

आणि ते खरोखर गादीवर चढून बसले. यात काही डाव होता असं नंतर लोक म्हणाले. डाव कसला? माणूस संतापला होता. व्याह्यावर, टपावर, सटवाजीवर, नाक्यावर, आणि सगळ्यांत जास्त आपल्या लांबनाकीवर. त्याला हलावंसंच वाटेना.

घरातून तांब्या आला. ईश्वरअप्पांनी त्यानं पाय धुतले आणि तांब्या परत दिला. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, तिच्या गावचं पाणीही तोंडात घ्यायचं नाही. हे राणीसावरगावला माहीत होतं तसं सोनपेठेलाही. शिवरुद्रअप्पांनी विचारलं, शिदोरी आणली असेल ना? ती कोणी खाल्ली ते ईश्वरअप्पांनी सांगितलं. मग पाणी? ते कोणी प्यालं ते त्यांनी हातानं दाखवलं. बघणाऱ्यांत कोणी हसलं, कोणी 'अरारा' म्हणालं.

आता पेच पडला. अतिथी दारात उपाशी, तहानलेला, ऊन चेहऱ्यावर घेऊन, आणि आत पंगत बसवायची, असं लिंगवंताच्या घरात होत नाही. शिवरुद्रअप्पा आत गेले, बाहेर आले. पुन्हा आत गेले. पोटात कावळे ओरडत होते आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा वास सुटला होता. त्यांनी दोनदा स्वतः हँडल मारून पाहिलं. धोतराचा सोगा तेलात माखला. उन्हं कलली तरी पाहुणा जागचा हलला नव्हता, आणि गल्लीतल्या बाया परड्यांत उभ्या राहून शिवम्मांकडं नुसत्या बघत होत्या.

शेवटी शिवम्मा ओट्यावर आल्या. व्याह्यांसमोर कधी न बोललेली बाई डोक्यावरचा पदर सावरून नवऱ्याकडं तोंड करून म्हणाली, "लग्न होऊन तीस वरसं झाली, या दारातून कोनी उपाशी गेलं न्हाई. दमणी जुंपा. पोरीला धाडा. दोन दिस जायला, दोन यायला, तर मधी चार दिस ऱ्हाऊ द्या बापडीला. भाकर मी भाजते. माझे हात मोडले न्हाईत."

शिवरुद्रअप्पांनी मोटरीकडं बघितलं, आणि त्यांना समजलं की ज्या हिशोबानं त्यांनी सुनेला वर्षभर अडवलं, तोच हिशोब त्यांच्या बायकोनं त्यांना सुपारीसारखा कातरून दिला आहे. त्यांनी गड्याला हाक मारली.

महानंदा बाहेर आली ती मान खाली घालून, पदर ओढून, हातात एवढंसं गाठोडं. सासूच्या पाया पडली, सासऱ्यांच्या पडली. बापाकडं बघितलं नाही. दमणी वेशीबाहेर पडली, गुरं बसायच्या आखराजवळून गेली, गावची शीव मागं पडली. शिवेपलीकडं दुसऱ्या गावच्या रानात एक विहीर होती. महानंदानं दमणी थांबवायला सांगितलं, खाली उतरली, कोणाच्या तरी पोहऱ्यानं स्वतः पाणी शेंदलं आणि दमणीतली कळशी भरून बापासमोर आली. "इथलं चालतं," ती म्हणाली. "म्या इचारून ठिवलंय."

ईश्वरअप्पांनी ओंजळ धरली. ती ओतत होती आणि ते पीत होते. ओंजळीतून पाणी कोपरावर, कोपरावरून धुळीत. मध्येच तिला हसू आलं, बापाच्या धुळीनं माखलेल्या मिशा बघून, आणि मग हसता हसता रडू आलं, आणि कळशी रिकामी झाली तरी ती ओतायच्या हातानं तशीच उभी राहिली. दमणी पुन्हा चालू लागल्यावर, बैलांच्या घुंगरांच्या नादात, ती हळूच गुणगुणू लागली. नवीच होती ओवी, वाटेत रचलेली.

*मुराळी माझा आला, लाल मोटर उभी दारी*
*उपाशी बसून त्यानं, लेक नेली माघारी*

घरी आल्यावर दोन दिवस मायलेकींचं बोलणं सरलं नाही. ईश्वरअप्पा मात्र धुसफुसत होते. टप सुचवणाऱ्या दगडाबाईंनी महानंदाच्या गालावरून हात फिरवून म्हटलं होतं, की बघा, पडदा होता म्हणून पोरगी काळवंडली नाही. पोरगी त्या पडद्यात बसलीच नव्हती. सटवाजीनं विचारलं होतं, मुसकं टिकलं का? टिकलं होतं. तेच तर.

चौथ्या दिवशी राणीसावरगावहून माणूस चिठ्ठी घेऊन आला. सुनेला दमणीनं परत धाडू नये, तूर्त ठेवून घ्यावं, असं शिवरुद्रअप्पांनी लिहिलं होतं. मोटर त्यांच्याच दारात उभी असल्यानं ती त्यांनी दुरुस्त करायला घेतली आहे. टप काढून टाकला. मुसकं हा कोणाचा मूर्खपणा आहे ते कळवावं. नाक हिरवं रंगवलं, कारण गावातल्या जाणत्यांचं मत पडलं की लाल रंगानं मोटर तापते. इंजिन खोललं आहे. दारात मोटर असताना घरची सून दमणीनं आणणं शोभत नाही, तेव्हा ती दुरुस्त झाली की ते स्वतः त्या मोटरीतून सुनेला न्यायला येतील. जागा दोनच आहेत, ते बरंच झालं.

ईश्वरअप्पांनी चिठ्ठी जमिनीवर आपटली. मोटर कोणाची? पावती कोणाच्या नावावर? छत्तीस दात कोणी बसवले, करोडगिरी कोणी भरली, आणि हिरवं नाक कोणाला विचारून? त्यांनी दौत ओढली. व्याह्यांना असं पत्र लिहायचं की सुपारी कातरायची विसरले पाहिजेत.

मल्लम्मा चुलीपाशी होत्या. लेक पाटावर बसून, हिरवं लुगडं नेसून, लसूण सोलत होती. मल्लम्मांनी विचारलं, की राग नंतर करा, आधी एवढं सांगा, खोललेली मोटर जुळवायला किती दिस लागतात?

ईश्वरअप्पांनी टाक खाली ठेवला. त्यांनी लेकीकडं बघितलं. बोटांवर मोजलं. दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा. मग पुढं मोजलं: पंचमी, दसरा, दिवाळी.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि रागानं, टाक दाबून, एकेक अक्षर कोरत लिहिलं:

"शरणार्थ. पत्र पोहोचले. मोटर आमची असता आपण हात लावला याचा निषेध आहे. तरी आता लावलाच आहे तर काम घाईने करू नये. गावातील प्रत्येकाचे मत घ्यावे, कोणास दुखवू नये. आमच्याकडे सात महिने लागले. आपल्या गावात शहाणी माणसे जास्त आहेत. थोडे अधिक लागतील."